रस्त्याखाली काय आहे, हे कुणाला ठाऊक आहे?

तळ्यात_मळ्यात | शनिवार, रात्री ९.४०

पावसाच्या तोंडावर पणजीतल्या आमच्या मळा भागातल्या गल्लीत दरवर्षीप्रमाणे जेसीबी आला. कसली तरी केबल टाकायची होती. सकाळी साडेदहाला त्याने जमिनीत दात घातला आणि पावणेअकराला पाण्याचा फवारा समोरच्यांच्या बाल्कांवापर्यंत, म्हणजे घरापुढच्या ओसरीपर्यंत उडाला. तिथे चटईवर सोलं वाळत घातलेली होती. त्यांचं काय झालं ते सांगत नाही, त्या घरातल्या आजी अजून ठेकेदाराच्या माणसाला शोधताहेत.

त्या माणसाच्या हातात टॅब होता. मी डोकावून पाहिलं. नकाशा अगदी देखणा, पाण्याची निळी रेघ, विजेची लाल, मलनिस्सारणाची तपकिरी. निळी रेघ रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने जात होती, पाणी मात्र अलीकडून उडत होतं.

बंद करायला व्हॉल्व्ह हवा. तो कुठे आहे हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. तासभर फोनाफोनी झाली. शेवटी शेजारचा मुलगा स्कूटर घेऊन गेला आणि आमच्या भागात पूर्वी पाणी सोडायचे त्या काकांना मागे बसवून घेऊन आला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत त्यांना. अंगात घरातला बनियन, हातात ती लांब लोखंडी चावी, वर आडवी मूठ असलेली. काका नळापाशी गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या क्रुसापासून पावलं मोजत आले, चपलेने जमीन घासली, 'हांगा ना, फुडें' असं स्वतःशीच पुटपुटले आणि आणखी दोन पावलांवर थांबले. खाली नवे कोरे पेव्हर ब्लॉक. चार ब्लॉक उचकटले तर खाली मातीने भरलेलं चेंबर आणि त्यात व्हॉल्व्ह!

साडेसतरा फेरे. मोठ्याने मोजले त्यांनी. 'अठरावा मारला तर स्पिंडल तुटतं, जुनं आहे' म्हणाले. मग चावीचं टोक व्हॉल्व्हवर तसंच ठेवून मुठीला कान लावला. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. 'अजून गळतंय. वरच्या गल्लीतला पण बंद करायला हवा.' आणि तो कुठे आहे तेही त्यांनाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. स्मार्ट सिटी योजनेत पणजीची निवड मे २०१६ मध्ये झाली, योजना मार्च २०२५ अखेर गुंडाळली गेली. मधल्या काळात, विशेषतः २०२३-२४ मध्ये, शहराने काय सोसलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. धुळीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं, न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर उतरून पाहून गेले. सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. कदंबची इलेक्ट्रिक बस मला आवडते. आवाज नाही, एसी आहे, आणि कंडक्टर 'मागें व्हच, मागें व्हच' ओरडत पाठीत कोपर मारत नाही. कॅमेरे आले, रस्त्याखाली नवी गटारं आली, केबलींसाठी नळ्या आल्या. पण जे जमिनीखाली गेलं त्याची नोंद कुठे आहे? तो टॅबवरचा नकाशा कुणी काढला, कशावरून काढला? आपापल्या भागातले अनुभव लिहा.

---

दुकानदार_१८ | शनिवार, रात्री १०.०५

पणजीत '१८ जून' नावाच्या रस्त्यावर आमचं वडिलांपासूनचं दुकान आहे. खोदकामाच्या दिवसांत काजूच्या पाकिटांवर रोज सकाळी बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. पर्यटक पाकीट उचलायचा, बोट बघायचा, परत ठेवायचा. तक्रार करून कंटाळलो, पुन्हा लिहीत नाही.

एक गंमत मात्र सांगतो. आज माझा बराचसा धंदा क्यूआर कोडवर चालतो. एका दुपारी समोर खणताना फायबर तुटली आणि मोबाइलचं नेटवर्कही बसलं. गिऱ्हाईक उभं, फोन हातात, खिशात दमडी नाही. वडिलांनी कपाटातून लाल कापडाची उधारीची वही काढली. सहा जणांची नावं लिहिली. सहाही जण दुसऱ्या दिवशी पैसे देऊन गेले.

---

खांबावरचा | शनिवार, रात्री ११.२०

वीज खात्यातून निवृत्त. धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितो, चूकभूल द्यावी घ्यावी.

तारा खांबांवर होत्या तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसायचा. माडाचं चुडत पडलं, फांदी टेकली, जंपर जळला. टॉर्च मारला की झालं. जूनच्या पहिल्या पावसात रात्रभर फिरायचो, पण काय शोधायचं ते माहीत असायचं. केबल जमिनीखाली घातली की चुडतांचा त्रास संपतो, बिघाड कमी होतात, हे खरंच. पण होतो तेव्हा तो दिसत नाही.

मग शोधतात कसा? केबलमध्ये एका टोकाने विजेचा ठोका सोडतात. जिथे बिघाड असेल तिथून तो परत फिरतो. किती वेळात परतला यावरून यंत्र अंतर सांगतं. समजा, यंत्र म्हणालं २३७ मीटर. नवखा पोरगा रस्त्यावर २३७ मीटर मोजतो आणि तिथे खणतो. खाली काहीच नाही! कारण ते २३७ केबलीच्या लांबीवरचे. जॉइंटजवळ आम्ही मुद्दाम एकदोन मीटर जादा केबल वळवून ठेवतो, पुन्हा जोडायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून. चार जॉइंट असले तर गेले सात-आठ मीटर. ती वळणं कुठे आहेत हे ज्याने जॉइंट मारला त्यालाच माहीत.

शेवटी जास्त दाबाचे ठोके सोडतात, बिघाडाच्या जागी जमिनीखाली धप्प धप्प वाजतं, आणि आपण रस्त्यावर कान लावत चालायचं. हे काम रात्री दोन-तीनला करायचो. दिवसा रहदारीत ऐकू येत नाही. तुमच्या काकांनी चावीला कान लावला ते वाचून हसू आलं. आम्हीही तेच करायचो, फक्त आमचं यंत्र महाग होतं.

आणि बिघाड बहुतेक वेळा जॉइंटमध्येच. पावसात घाईने मारलेला, ओल आत राहिलेला जॉइंट चार गणेश चतुर्थ्या टिकत नाही.

---

पायलट_पिवळा | रविवार, सकाळी ७.१५

जमिनीखालचं सोडा, वरचं तरी नकाशात नीट आहे का? काळ्या पाटीवर पिवळे नंबरवाली भाड्याची गाडी आल्तिनो टेकडीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन थांबते. मॅप म्हणतो सरळ. सरळ तर पायऱ्या! मी मोटरसायकल बाजूला लावून त्यांना मागे घ्यायला लावतो, महिन्यातून दोनदा तरी. एकाने मला पन्नास रुपये देऊ केले. म्हटलं, मागे बसा, सोडतो, त्याचे घेतो. पायलटचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याचा, धंदा असाच चालायचा.

---

पर्वरीपलीकडे | रविवार, सकाळी १०.३०

सगळे काकांच्या प्रेमात पडलेत म्हणून थोडं उलट लिहिते. रागावू नका.

मी घरून काम करते, कंपनी बंगळूरची. पाच वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. पणजीला जायचं तर उड्डाणपुलाच्या कामातून वाट काढत जावं लागतं, म्हणून शक्यतो जातच नाही. म्हणजे माझ्यापुरता वाहतुकीचा प्रश्न रस्त्याने नाही, तारेने सोडवला. मेरशीच्या जंक्शनवर २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा सिग्नल आहे. कॅमेरा वाहनं ओळखतो, नियम मोडला की चलन थेट घरी. माझ्या भावाला दोन आली. पहिल्यांदा चिडला, आता पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबतो. हवालदाराशी हुज्जत घालता येते, कॅमेऱ्याशी नाही.

आणि काका ग्रेट आहेत, मान्य. पण राजधानीचं पाणी एका माणसाच्या आठवणीवर चालायचं? त्या दिवशी ते मुलीकडे सावंतवाडीला गेले असते तर? पूर्वी सगळं छान होतं आणि मशीन आल्यावर बिघडलं, असा सूर मला पटत नाही. पूर्वी नोंद नव्हती म्हणूनच आज टॅबवरची रेघ चुकीची आहे.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, सकाळी ११.००

@पर्वरीपलीकडे, ताई, रागावण्यासारखं काय आहे? तुमचं शेवटचं वाक्य मीच लिहायला हवं होतं.

---

नकाशेवाला | रविवार, दुपारी १.४५

या विषयात माझं पोट आहे, त्यामुळे जरा लांबेल.

टॅबवरची रेघ चुकते कशी? निविदेच्या वेळी एक आराखडा असतो. प्रत्यक्ष खणताना मध्ये जुनी पाइप येते, कातळ येतो, एखाद्या घराची पायरी येते, मग रेघ सरकते. काम संपल्यावर 'प्रत्यक्षात काय बसवलं' याचा वेगळा नकाशा द्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो निविदेच्या आराखड्यावरच तारीख बदलून दिला जातो. बिल निघतं ते किती मीटर पाइप घातली यावर, कुठे घातली यावर नाही. त्यामुळे खड्डा बुजेपर्यंत घाई, बुजल्यावर कुणालाच रस नाही. माझ्या मते खरा बिघाड इथे आहे, बाकीचं पुढचं.

लोक विचारतात, रडारने का नाही बघत? जमिनीत लहरी सोडून खालचं बघणारं रडार आहे, वापरतातही. पण खारट, ओल्या चिकणमातीत त्या लहरी शोषल्या जातात, थोडं खोल गेलं की पडद्यावर नुसतं धुकं. आणि पणजीचा सखल भाग म्हणजे काय? खाडीकाठचा भराव आणि चिखल. आल्तिनोच्या जांभ्यावर त्यातल्या त्यात बरं दिसतं, मळ्यात नाही.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आणलं. खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्यांच्या तारा-नळ्या खाली आहेत त्यांना सूचना जाते. कल्पना उत्तम. पण मालकालाच आपली पाइप कुठे आहे हे ठाऊक नसेल तर तो सूचना मिळून काय सांगणार?

खड्डा उघडा असतानाच नोंद करा, एवढंच माझं सांगणं असतं. फोटो काढा, पण फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या मैदानातही ते चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. फोंताईन्हासच्या काही गल्ल्यांची रुंदीच तेवढी नाही, पाइप शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात दिसायची! दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर घ्या. काकांनी क्रुसापासून पावलं मोजली, ती हीच पद्धत.

---

मठग्रामी | रविवार, दुपारी २.१०

पणजी म्हणजे गोवा नव्हे, याची नोंद घ्यावी. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेत चाळीस हजार माणसं, मडगावात त्याच्या दुप्पट. आम्हाला स्मार्ट खांब नकोत, सोनसडोचा कचऱ्याचा डोंगर हलवा. साळगावला २०१६ मध्ये कचरा प्रकल्प झाला, त्यातून वीजही निघते. म्हणजे गोव्यात हे जमतं. आमच्याकडे यायला कुठला मुहूर्त हवाय?

(अवांतर आहे, ठाऊक आहे. तरीही.)

---

चोडणची_बोट | रविवार, सायंकाळी ५.३०

मी रोज चोडण बेटावरून फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीत शाळेत शिकवायला जाते. जुलै २०२५ पासून आमच्या मार्गावर रो-रो (गाड्या थेट आत चढतात-उतरतात अशा) बोटी आल्या. एकावेळी जास्त गाड्या मावतात, अंतर लवकर कापतात, पावसात उभं राहायला बरी जागा आहे. पूर्वी धक्क्यावर रांगेत पेपर तपासून व्हायचे, आता नाही होत.

पण बोट मोठी झाली, रायबंदरचा रस्ता तेवढाच राहिला. एका फेरीतल्या सगळ्या गाड्या एकदम त्या अरुंद रस्त्यावर सुटतात. तिथून पुढे पणजीतल्या पाटोपर्यंत जो बांध आहे, तो पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला. आमची नवी कोरी बोट आम्हाला जवळजवळ चारशे वर्षांच्या बांधावर आणून सोडते. त्याच्यावरून आज बसेस जातात याचं मला रोज नव्याने आश्चर्य वाटतं.

आणि बोट सुटली की नाही, हे आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच कळतं. कुणीतरी 'सुटली' लिहितं, दहा जण हात जोडतात.

---

भरती_ओहोटी | रविवार, रात्री ८.५०

ताईंनी बांधाचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमची खाजनं दिवाडी बेटावर. नोकरीनिमित्त नाले-गटारांचंच काम केलं, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालची शेती, बांध घालून राखलेली. बांधात मानस असते. लाकडी दारं, बिजागरी अशी बसवलेली की ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरती आली की नदीच दार लावून घेते. वीज नाही, सेन्सर नाही, रात्री कुणी जागायला नको. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तेही दाराला सांगावं लागत नाही.

आता पणजी. मळा, १८ जून रस्ता, बाजार, या भागांतली गटारं मांडवीत किंवा खाडीत उघडतात. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की तोंडाशी नदीचं पाणी वर आणि गटाराचं खाली. पाणी जाणार कुठे? आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उपाय म्हणून गटाराच्या तोंडाला झडपा बसवतात आणि मागे पंप. झडप म्हणजे मानसच, लाकडाऐवजी रबर नाहीतर लोखंड. तिच्यात एक शहाळं अडकलं की ती उघडीच राहते आणि भरती सरळ बाजारात. पंपाला वीज लागते, आणि ज्या वादळात पंप हवा त्याच वादळात वीज जाते. सेन्सर लावा, मी विरोधात नाही. पाण्याची पातळी आणि भरतीचं कोष्टक जुळवून दोन तास आधी सूचना मिळाली तर दुकानदार माल तरी वर उचलतील. पण झडपेतलं शहाळं काढायला माणूसच उतरणार.

मानशीची एक वाईट गोष्टही सांगतो, नाहीतर पर्वरीच्या ताई म्हणतील पुन्हा जुन्याचं कौतुक. मानशीवर मासे पकडायचा दरवर्षी लिलाव होतो. जास्त मासळी आत यावी म्हणून काही जण भरतीला दार उघडं धरून ठेवतात. खारं पाणी शेतात जातं, भात मरतं. यंत्रणा चोख, पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा फायदा दार उघडं राहण्यात.

---

नकाशेवाला | रविवार, रात्री ९.०५

आणि आमच्याकडे खणणाऱ्याचा फायदा मीटर मोजण्यात.

---

दुकानदार_१८ | रविवार, रात्री ९.३०

@भरती_ओहोटी, दोन तास आधी नको, अर्धा तास मिळाला तरी चालेल. खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायला वीस मिनिटं लागतात. मोजून ठेवलंय.

---

पर्वरीपलीकडे | सोमवार, सकाळी ९.१५

मानस माहीत नव्हती. छान लिहिलंत.

एक शंका. १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला होता ना? आई सांगते, सगळे पुन्हा फेरीबोटीवर आले होते. असल्या ठिकाणी सेन्सर असते तर आधी कळलं असतं का?

---

भरती_ओहोटी | सोमवार, सकाळी ९.५०

हो, जुलै १९८६. पूल १९७० चा, म्हणजे उणीपुरी सोळा वर्षं. आतल्या ताणलेल्या पोलादी केबली गंजल्या, खाऱ्या हवेतला शत्रू तोच. आज पुलांना ताण मोजणाऱ्या पट्ट्या आणि कंप मोजणारी उपकरणं लावतात. पूल रोज जसा हलतो त्यापेक्षा वेगळा हलू लागला की आलेखात दिसतं. उपयोग नक्की होतो, पण आलेख कुणीतरी रोज उघडून बघितला तर.

---

तळ्यात_मळ्यात | पुढचा रविवार, दुपारी १२.२०

बातमी आहे. आज सकाळी नकाशेवाले आणि मी काकांकडे गेलो. सोबत पन्नास मीटरचा टेप, वही आणि उंडे (गोव्याचे पाव). काकांनी आधी चहा पाजला, मग चप्पल घातली.

तीन तासांत एकोणीस व्हॉल्व्ह झाले. प्रत्येकाचं दोन कोपऱ्यांपासून अंतर, खोली, फेरे, आणि उजवीकडे बंद होतो की डावीकडे. हे शेवटचं मला सुचलंच नसतं. दोन व्हॉल्व्ह उलटे आहेत, डावीकडे फिरवले की बंद. नवा माणूस बंद करतोय समजून पूर्ण उघडेल. सहा डांबराखाली आहेत, तीन पेव्हरखाली. एक कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीखाली गेलाय. कुणाच्या ते लिहीत नाही, ते इथे वाचतात.

वही पूर्ण झाली की प्रत संबंधित खात्याला देणार, पोच घेऊन. चावी पाहायला मागितली तर काकांनी हातात दिली, पण घरी न्यायला नाही. म्हणाले, आधी सगळ्यांचे फेरे पाठ करा.

---

खांबावरचा | पुढचा रविवार, दुपारी १.०५

पुढच्या खेपेला मलाही हाक मारा. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन जॉइंट माझ्या हातचे आहेत. एक पावसात मारलेला आहे, तो आधी दाखवतो.